बारावी बायोलॉजी: ७० मार्कांच्या लेखी पेपरची आठ आठवड्यांची तयारी

बायोलॉजी हा पाठांतराचा विषय आहे, असं अकरावीत कुणीतरी सांगतं आणि मुलं दोन वर्षं तेच धरून बसतात. मग धडा चार-चारदा वाचून होतो, ओळी पिवळ्या-हिरव्या हायलायटरने रंगतात. प्रश्नपत्रिका समोर आली की मात्र सगळं ओळखीचं वाटतं आणि हाताला येत नाही. वाचताना ओळख पटणं आणि कोऱ्या कागदावर आठवून लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बोर्डाचा पेपर दुसऱ्या कामाचे मार्क देतो. म्हणून या लेखातल्या पद्धतीत वाचनाला कमीत कमी आणि लिहिण्याला जास्तीत जास्त वेळ दिला आहे. हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेसाठी आहे, पण पहिल्या वर्षाच्या बीएस्सीलाही यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

आधी पेपर समजून घ्या

लेखी पेपर ७० मार्कांचा आणि वेळ तीन तास. प्रात्यक्षिकाचे ३० मार्क वेगळे. लेखी पेपरचे चार विभाग असतात. विभाग अ मध्ये एक मार्काचे १० बहुपर्यायी प्रश्न आणि एका वाक्यात उत्तर द्यायचे ८ प्रश्न, असे १८ मार्क. त्यांना पर्याय नसतो. विभाग ब मध्ये दोन मार्कांच्या १२ प्रश्नांपैकी ८ सोडवायचे, म्हणजे १६ मार्क. विभाग क मध्ये तीन मार्कांच्या १२ पैकी ८, म्हणजे २४. विभाग ड मध्ये चार मार्कांच्या ५ पैकी ३, म्हणजे १२.

या आकड्यांकडे नीट बघा. पर्यायांमुळे एखादा धडा कच्चा राहिला तरी ब, क आणि ड विभागांत वाट काढता येते. विभाग अ मध्ये ती सोय नाही आणि तिथले १८ मार्क पंधराही धड्यांत विखुरलेले असतात. म्हणून ‘शेवटचे दोन पर्यावरणाचे धडे सोडून देऊ’ हा हिशेब तोट्याचा आहे. ते धडे वाचायला सोपे आहेत आणि त्यांतल्या एक-दोन मार्कांच्या उत्तरांना फारशी मेहनत पडत नाही.

नीटची (वैद्यकीय प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे असतात, त्यामुळे ती मुलं विषय मनापासून करतात. पण चारातून एक पर्याय निवडायची सवय झालेला हात तीन मार्कांचं उत्तर लिहिताना अडखळतो. रोज फक्त दोन उत्तरं पूर्ण लिहून काढलीत तरी ही अडचण सुटते.

धड्यांचा क्रम

पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. पहिल्या आठवड्याचे पहिले दोन दिवस अकरावीच्या पेशीविभाजनाला द्या. मायोसिसमध्ये गुणसूत्रांची संख्या नेमकी कधी निम्मी होते, हे पक्कं नसेल तर प्रजननाचे दोन्ही धडे आणि आनुवंशिकतेचा धडा पोकळ पायावर उभे राहतात. मग त्याच आठवड्यात आनुवंशिकता आणि तिचा रेण्वीय आधार हे दोन धडे घ्या. हे सगळ्यात जड आहेत आणि यांना पुन्हा पुन्हा भेटावं लागतं, म्हणून आधी.

दुसऱ्या आठवड्यात वनस्पतींचं प्रजनन, प्राण्यांचं प्रजनन आणि उत्क्रांती. तिसऱ्यात वनस्पती आणि पाणी, वनस्पतींची वाढ व खनिज पोषण, श्वसन आणि रक्ताभिसरण. चौथ्यात नियंत्रण आणि समन्वय, आरोग्य व रोग, बायोटेक्नॉलॉजी. पाचव्यात अन्नोत्पादनवाढ आणि परिस्थितिकीचे उरलेले तीन धडे. सहावा, सातवा आणि आठवा आठवडा फक्त जुन्या प्रश्नपत्रिका आणि दुरुस्ती यांसाठी ठेवायचा. या तीन आठवड्यांत नवीन काहीही वाचायला घ्यायचं नाही, म्हणून पाच आठवड्यांचं काम पाचातच संपवा. एखादा धडा रेंगाळला तर तो अर्धवट सोडून पुढे जा आणि रविवारी परत या.

एक धडा कसा करायचा

पहिल्या बैठकीत वीस मिनिटं फक्त मथळे, आकृत्या आणि तक्ते बघा. प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करून वहीत लिहा. ‘दुहेरी फलन’ असा मथळा असेल तर ‘दुहेरी म्हणजे कोणकोणतं? कुठे होतं? त्यातून काय तयार होतं? नाही झालं तर काय अडेल?’ असे प्रश्न काढा. मग उत्तरं शोधत धडा एकदाच, सावकाश वाचा. या टप्प्यावर हायलायटर हातात घेऊ नका, कारण पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटा. कोरा कागद घ्या, पंधरा मिनिटांचं घड्याळ लावा आणि आठवेल ते सगळं लिहा. क्रम चुकला तरी चालेल, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. वेळ संपली की पुस्तक उघडा आणि सुटलेलं, चुकलेलं लाल शाईने त्याच कागदावर भरा. हा लाल-निळा कागद हीच तुमची नोट. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी फक्त लाल शाईचा भाग पुन्हा न बघता लिहून पाहायचा. दर वेळी लाल कमी होत गेलं पाहिजे. तीन फेऱ्यांनंतरही तीच गोष्ट लाल राहिली, तर ती विसरलेली नाही, समजलेलीच नाही. तिथे पाठांतर थांबवा आणि शिक्षकांना विचारा.

पहिल्या वेळी कागद जवळजवळ पूर्ण लाल होतो आणि मुलं घाबरून परत वाचनाकडे वळतात. तसं करू नका. आठवताना होणारी ती ओढाताणच गोष्ट डोक्यात बसवते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत ‘पेशी’, ‘परागकण’, ‘बीजांड’ शिकलेल्या मुलांना अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हातात मिळतं. विषय येत असतो, शब्द आडवे येतात. यावर एक वेगळी वही करा. पानावर तीन रकाने आखा: इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, मराठी अर्थ, आणि त्या शब्दाचं तुम्ही स्वतः केलेलं एक छोटं इंग्रजी वाक्य. तिसरा रकाना सोडू नका, परीक्षेत तोच उपयोगी पडतो. दिवसाला दहा शब्द पुरे.

शब्द फोडून पाहायची सवय लावा. ‘मेगा’ म्हणजे मोठा, ‘मायक्रो’ म्हणजे लहान, ‘स्पोर’ म्हणजे बीजाणू. एवढं कळलं की मेगास्पोर आणि मायक्रोस्पोर वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ‘एक्सो’ बाहेर, ‘एंडो’ आत, ‘हायपर’ जास्त, ‘हायपो’ कमी.

काही जोड्या दर वर्षी मार्क खातात, कारण एखाद्या अक्षराने अर्थच बदलतो. ग्लुकॅगॉन हे संप्रेरक, ग्लायकोजेन हा साठवलेला पिष्टमय पदार्थ. थायमीन हा डीएनएमधला घटक, थायमिन हे ब-१ जीवनसत्त्व, थायमोसिन हे थायमस ग्रंथीचं संप्रेरक आणि थायरॉक्सिन थायरॉइडचं. युरेटर मूत्रपिंडातून मूत्राशयात जाते, युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर. मायटोसिस आणि मायोसिस यांत स्पेलिंग इतकं चुकवू नका की तपासणाऱ्याला दोन्ही वाचता येतील. बाकीच्या व्याकरणाची फार काळजी नको. लहान वाक्यं लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा.

गणितं: जिथे पूर्ण मार्क मिळतात आणि जिथे उगाच जातात

बायोलॉजीत गणितं नसतात असं समजून मुलं ही सोडतात. खरं तर यांचं उत्तर एक तर बरोबर असतं नाहीतर चूक, आणि पायऱ्या दाखवल्या की मार्क कापायला जागा राहत नाही.

आनुवंशिकतेच्या गणितात सगळ्यात मोठी चूक युग्मकांत (प्रजनन पेशींत) होते. युग्मकात प्रत्येक लक्षणाचं एकच अलील, म्हणजे जनुकाचं एकच रूप असतं. दोन लक्षणांच्या संकरात ‘उंच’ आणि ‘बुटकं’ ही दोन्ही अलील एकाच युग्मकात लिहिली की पुढचा चौकोन कितीही नीट भरा, उत्तर चुकतंच. युग्मकांचे प्रकार मोजायला सोपा नियम आहे: विषमयुग्मी (दोन वेगळी अलील असलेल्या) जोड्या जितक्या, तितके दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा. एक जोडी असेल तर दोन प्रकार, दोन असतील तर चार, तीन असतील तर आठ. चौकोन भरण्याआधी हा आकडा तपासा. शेवटी जनुकप्ररूपाचं (अलीलांच्या जोडीचं) गुणोत्तर विचारलं आहे की दृश्यप्ररूपाचं (दिसणाऱ्या लक्षणाचं), ते पुन्हा वाचा. एका लक्षणाच्या साध्या संकरात दुसऱ्या पिढीचं दृश्यप्ररूप ३:१ आणि जनुकप्ररूप १:२:१ येतं. गुलबक्षीच्या फुलांत अपूर्ण प्रभाविता असल्यामुळे दोन्ही गुणोत्तरं १:२:१ च असतात, आणि ‘का’ हे एका वाक्यात लिहावं लागतं: विषमयुग्मी फूल गुलाबी म्हणून वेगळं ओळखू येतं.

रंगांधत्वाच्या प्रश्नात भाषा फसवते. आई वाहक आणि वडील निरोगी असतील तर मुलग्यांपैकी निम्मे रंगांध असण्याची शक्यता असते, पण सगळ्या अपत्यांत मोजलं तर तो आकडा २५ टक्के. प्रश्नात ‘मुलगे’ आहे की ‘अपत्ये’, त्यावर उत्तर ठरतं. आणि वडील आपलं एक्स गुणसूत्र मुलाला कधीच देत नाहीत, फक्त मुलीला देतात. वंशवेल सोडवताना ही एक ओळ डोक्यात ठेवली की अर्धं काम होतं.

डीएनएच्या गणितात चारगाफचा नियम वापरायचा. अॅडेनीन ३० टक्के तर थायमीनही ३०. उरलेले ४० टक्के ग्वानीन आणि सायटोसीनमध्ये सारखे, म्हणजे २०-२०. मुलं घाईत ग्वानीन ४० लिहून मोकळी होतात. लांबीच्या गणितात दोन शेजारच्या जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर आणि एका पूर्ण वळणात १० जोड्या, म्हणून वळणाची लांबी ३.४ नॅनोमीटर. माणसाच्या एका द्विगुणित पेशीत सुमारे ६.६ अब्ज जोड्या असतात. त्यांना ०.३४ नॅनोमीटरने गुणलं की साधारण २.२ मीटर येतात. इतका लांब धागा इवल्याशा केंद्रकात कसा मावतो, या प्रश्नातूनच न्यूक्लिओसोमचं (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचं) सगळं प्रकरण सुरू होतं. असा दुवा लागला की वेगळं पाठ करायला फार उरत नाही.

हार्डी-वाइनबर्गच्या नियमात पी हे प्रभावी आणि क्यू हे अप्रभावी अलीलचं लोकसंख्येतलं प्रमाण. इथे एकच सापळा आहे. ‘लोकसंख्येत १६ टक्के व्यक्तींत अप्रभावी लक्षण दिसतं’ असं दिलं, तर ०.१६ हा क्यू नव्हे, क्यूचा वर्ग आहे. म्हणून क्यू = ०.४, पी = ०.६ आणि वाहकांचं प्रमाण २ × ०.६ × ०.४ = ०.४८, म्हणजे ४८ टक्के.

वनस्पतींच्या धड्यात गुणसूत्रसंख्या विचारतात. पानाच्या पेशीत २४ गुणसूत्रं असतील तर अंडपेशीत १२, युग्मनजात २४ आणि भ्रूणपोषात ३६, कारण दोन ध्रुवीय केंद्रकं आणि एक नर युग्मक एकत्र येतात. पाण्याच्या धड्यात डीपीडी (डिफ्यूजन प्रेशर डेफिसिट) म्हणजे ओपी (ऑस्मॉटिक प्रेशर) वजा टीपी (टर्गर प्रेशर). पेशी क मध्ये ओपी १० आणि टीपी ४, शेजारच्या ख मध्ये ओपी ८ आणि टीपी ५ असेल तर डीपीडी अनुक्रमे ६ आणि ३. पाणी कमी डीपीडीकडून जास्त डीपीडीकडे, म्हणजे ख मधून क मध्ये जातं. मुलं इथे सवयीने ‘जास्तीकडून कमीकडे’ लिहितात. हृदयाचं तर तोंडी करता येतं: एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे ५०४० मिली, सुमारे पाच लिटर.

मार्क बघून उत्तर लिहा

दोन मार्कांना दोन स्वतंत्र मुद्दे, तीनला तीन, चारला चार. एकच मुद्दा शब्द फिरवून दोनदा लिहिला तर एकदाच धरला जातो.

लॅक ओपेरॉन (बॅक्टेरियात लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा गट) तीन मार्कांना आलं असं धरा. पहिला मुद्दा भागांचा: नियामक जनुक आय, प्रमोटर, ऑपरेटर, आणि झेड, वाय, ए ही तीन रचनात्मक जनुकं. दुसरा, लॅक्टोज नसताना: आय जनुकापासून तयार झालेलं रिप्रेसर प्रथिन ऑपरेटरवर बसतं, आरएनए पॉलिमरेज पुढे सरकू शकत नाही, जनुकं बंद. तिसरा, लॅक्टोज असताना: प्रेरक रेणू रिप्रेसरला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, तो ऑपरेटरवरून सुटतो आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज, पर्मिएज, ट्रान्सअॅसिटिलेज ही विकरं तयार होतात. सोबत छोटी रेखाकृती. जेकब आणि मोनो यांची नावं, १९६१ हे वर्ष लिहिलं तर छान, पण त्यासाठी मुद्दा गाळू नका. इथली नेहमीची चूक म्हणजे रिप्रेसर प्रमोटरवर बसवणं.

‘फरक स्पष्ट करा’मध्ये मुद्दे समोरासमोर जुळले पाहिजेत. डावीकडे शुक्रजननाची जागा आणि उजवीकडे अंडजननातल्या पेशींची संख्या लिहिली तर तो फरक होत नाही. आधी निकष ठरवा: कुठे होतं, कधी सुरू होतं, एका प्राथमिक पेशीपासून किती युग्मकं मिळतात. शेवटच्या निकषावर एका प्राथमिक शुक्रपेशीपासून चार शुक्राणू आणि एका प्राथमिक अंडपेशीपासून एकच अंड, हे दोन्हीकडे लिहा.

आकृत्या

पंधरा धड्यांतून वीस-बावीस आकृत्या निवडा आणि प्रत्येक आकृती पुस्तक न बघता पाच मिनिटांत काढता येईपर्यंत काढा. एचबी पेन्सिल, पानाचा साधारण तिसरा हिस्सा, सगळी नावं उजव्या बाजूला एकाखाली एक, रेषा पट्टीने आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. छायाकाम नको, त्यात वेळ जातो आणि भाग झाकले जातात.

सुबकपणापेक्षा जागा अचूक असणं महत्त्वाचं. हृदयात डाव्या जवनिकेची भिंत जाड दिसली पाहिजे, आणि तुमच्या कागदाची डावी बाजू ही हृदयाची उजवी बाजू असते. फुप्फुसाकडे जाणारी धमनी उजव्या जवनिकेतून निघते. बीजांडात अंडपेशी आणि तिच्या दोन सोबतिणी बीजरंध्राच्या टोकाला, अँटिपोडल पेशी समोरच्या टोकाला. हे उलटं झालं तर परागनलिका चुकीच्या दारातून आत येते. भ्रूणकोशात सात पेशी आणि आठ केंद्रकं मोजून पाहा. प्रतिक्षिप्त कमानीत संवेदी चेता मेरुरज्जूच्या पृष्ठ मुळातून आत जाते आणि प्रेरक चेता अधर मुळातून बाहेर येते, बाण त्याच दिशेने काढा.

प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी होते, म्हणून जर्नल वेळेत पूर्ण आणि सही झालेलं ठेवा. स्लाइड पुसट दिसते ती बहुधा दोनच कारणांनी: नमुना जाड असतो किंवा कव्हरस्लिपखाली हवेचे बुडबुडे राहतात. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. सूक्ष्मदर्शकात आधी लहान भिंगाने पेशी शोधा, मगच मोठ्यावर जा. साखरेच्या बेनेडिक्ट चाचणीत परीक्षानळी उकळत्या पाण्यात धरायची. निळ्या रंगापासून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग बदलत जातो, आणि निरीक्षणात तुम्हाला खरोखर दिसलेला रंग लिहायचा.

शेवटचे तीन आठवडे आणि परीक्षेचे तीन तास

आठवड्याला दोन पूर्ण पेपर, घड्याळ लावून, एका बैठकीत. पेपर लिहायला तीन तास लागले तर तपासायला दोन तास द्या. प्रत्येक गेलेल्या मार्कापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. चार पेपरांनंतर एक कारण ठळकपणे वर येतं आणि उरलेले दिवस त्याच कारणाला द्यायचे.

वेळेची वाटणी अशी करून पाहा: विभाग अ ला २५ मिनिटं, ड ला ४०, क ला ६०, ब ला ३५. वीस मिनिटं हातात उरतात. अ नंतर ड आधी घ्यायला सुचवतो आहोत, कारण चार मार्कांची लांब उत्तरं थकलेल्या हाताने तोकडी होतात आणि दोन मार्कांची होत नाहीत. मात्र हा क्रम सराव पेपरांत जमला तरच परीक्षेत वापरा.

बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, नुसत्या अक्षराला मार्क नाही. शिवाय पहिलाच प्रयत्न तपासला जातो, म्हणून खात्री नसेल तर विचार पक्का झाल्यावरच उत्तर उत्तरपत्रिकेत उतरवा. प्रश्न क्रमांक समासात ठळक हवा, नवा विभाग नव्या पानावर. शेवटच्या वीस मिनिटांत उत्तरं पुन्हा वाचत बसू नका. आधी प्रत्येक विभागातले प्रश्न मोजा, आठ म्हणजे आठ झालेत ना ते पाहा, मग आकृत्यांची नावं, मग गणितांची एककं.